सहा पॅनल, एक बॅटरी आणि आठ महिन्यांचा उशीर : एका घराच्या सोलरचं प्रकरण

मित्राचा फोन जूनमध्ये आला. "तीन कोटेशनं आलीत, तिन्ही वेगवेगळी. तू फक्त एवढंच सांग, किती किलोवॅटचं घेऊ?" माझं काम विजेच्या क्षेत्रातलं, पण मी सोलर विकत नाही. त्यामुळे ओळखीत कुणाच्या गच्चीवर पॅनल चढायचे असले की कागद आधी माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासात उत्तर देऊन मी मोकळा होतो. या घराला फेब्रुवारी उजाडला. उशीर का झाला आणि त्यात काय काय बदललं, हे सविस्तर लिहून ठेवतोय.

घर दुमजली, बावीस वर्षांचं, वर सपाट स्लॅब. गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. राहणारी माणसं चार: मित्र, वहिनी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मित्राची आई, म्हणजे माझ्या काकू. मित्र आणि वहिनी सकाळी नऊला बाहेर पडतात ते संध्याकाळी सहाला येतात. काकू दिवसभर घरी. त्यांच्या फुप्फुसांची तक्रार आहे, दोन वर्षांपासून रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन गोळा करून देणारं मशीन, लावून झोपतात. हे मला फोनवर कळलं नव्हतं. काकूंना भेटायला खोलीत गेलो तेव्हा कोपऱ्यात मशीन दिसलं. तिन्ही कोटेशनांत त्याचा उल्लेख नव्हता, कारण तिन्ही माणसं थेट गच्चीवर गेली होती.

कोटेशनं अशी होती. पहिलं अकरा पॅनलचं, जवळजवळ ६ किलोवॅट, बॅटरी नाही, उंच स्टँडवर. वर ठळक अक्षरांत 'वीजबिल शून्य'. दुसरं ४ किलोवॅट आणि सोबत १० युनिटची बॅटरी. तिसरं सर्वांत साधं: ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, बॅटरी नाही.

मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, सोलर कशासाठी हवंय? मित्र म्हणाला, बिलासाठी. वहिनी म्हणाल्या, "रात्री लाइट गेली की आईंच्या मशीनचा अलार्म वाजतो. मग अंधारात उठून सिलिंडर जोडायचा. सोलर आलं की ते थांबेल ना?"

तीनपैकी दोन कोटेशनांत ते थांबणार नव्हतं. आणि हे दोघांनाही माहीत नव्हतं.

लाइट गेल्यावर काय होतं

बॅटरी नसलेलं, वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हात, गच्चीवर पॅनल तळपत असताना खाली पंखा फिरत नाही. यात बिघाड काही नाही, इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) मुद्दाम तसा बनवलेला असतो. लाइन दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं तार मेलेली आहे, आणि तुमच्या घरातून तिच्यात वीज शिरत असेल तर तो जिवाला मुकेल. म्हणून बाहेरचा पुरवठा गेल्याचं ओळखून इन्व्हर्टरने हात आखडता घ्यायचा, असा जगभर नियम आहे. अमेरिकेतल्या आयईईई १५४७ या मानकात त्यासाठी दोन सेकंदांची मुदत आहे.

शिवाय काकूंचं मशीन चालतं रात्री, आणि रात्री पॅनल काहीच देत नाहीत. वहिनींच्या गरजेला खरं तर पॅनल लागतच नव्हते. एक चांगला, शुद्ध साइन वेव्हचा (म्हणजे तारेतल्यासारखीच सुरळीत वीज देणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी एवढ्यावर त्यांचं काम भागलं असतं. हे मी तिथेच बोलून दाखवलं. मित्राचा चेहरा थोडा उतरला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर गच्चीभर निळे पॅनल होते. पण एका घरात दोन वेगळ्या गरजा आहेत हे त्या दिवशी कळलं नसतं, तर पॅनल बसल्यानंतरच्या पहिल्याच अंधाऱ्या रात्री कळलं असतं.

बिलं आणि वहीतले दोन आठवडे

पुढच्या रविवारी बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडली. एका महिन्याच्या बिलावरून आकार ठरवणारे मी खूप पाहिलेत, आणि तो महिना बहुधा उन्हाळ्याचाच असतो, कारण बिल पाहून धक्का बसतो तेव्हाच सोलर आठवतं. या घरात चार महिने पाचशेच्या आसपास युनिट लागत होते, बाकीचे आठ महिने तीनशे. वर्षाचे ४,४००, म्हणजे सरासरी दिवसाला बारा.

आता पॅनल. एक किलोवॅटचा पॅनल एक किलोवॅट देतो तो प्रयोगशाळेतल्या अटींवर: दर चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि पॅनलच्या पेशींचं तापमान २५ अंश. गच्चीवर ऊन तेवढं कडक पडतं तेव्हा पेशी साठ-पासष्ट अंशांवर गेलेल्या असतात. दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते, म्हणजे नेमक्या भर उन्हात बारा-चौदा टक्के गेले. वर धूळ, तारा, इन्व्हर्टर यांची गळती. म्हणून मी कागदावरच्या आकड्याचे ७५ ते ८० टक्केच धरतो. दिवसभराचं कमीजास्त ऊन त्या १,००० वॅटच्या मापात मोजलं, तर त्यांच्या ठिकाणी वर्षाची सरासरी दिवसाला पाच तास 'पूर्ण ऊन' इतकी निघाली. हा आकडा जागेनुसार खूप बदलतो, पण शोधायला कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत. युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस किंवा अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळेचं पीव्हीवॉट्स ही संकेतस्थळं तो फुकट देतात. सहा पॅनलचा हिशेब आला दिवसाला बारा युनिटच्या थोडा वर. सावध राहायचं म्हणून बाराच धरले.

"म्हणजे झालंच की! बारा लागतात, बारा मिळतात," मित्र म्हणाला.

वर्षाची बेरीज जुळत होती, तासांची जुळत नव्हती. पॅनल देणार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान, आणि त्या वेळात घरात असतात एकट्या काकू. म्हणून त्यांना एक काम दिलं: रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला मीटरचा आकडा वहीत लिहायचा, चौदा दिवस. काकूंनी ते इतकं मन लावून केलं की शेजारच्या रकान्यात आभाळ होतं की ऊन हेसुद्धा टिपलं. निकाल असा: दिवसाच्या त्या आठ तासांत सरासरी चारच युनिट लागत होते. आठ युनिट संध्याकाळी, रात्री आणि पहाटे. त्यांतले जवळजवळ तीन एकट्या कॉन्सन्ट्रेटरचे, कारण साडेतीनशे वॅटचं मशीन आठ तास चालतं. घरातली सर्वांत मोठी वीज खाणारी वस्तू कोणती, यावर घरात आधी पैज लागली होती. मशीनचं नाव कुणीही घेतलं नव्हतं.

उरलेली वीज बाहेर जाणार, आणि तिचं मोल काय हे वीज कंपनीचा नियम ठरवणार. काही ठिकाणी बाहेर दिलेलं युनिट आणि घेतलेलं युनिट यांची सरळ वजाबाकी होते, त्याला नेट मीटरिंग म्हणतात. काही ठिकाणी बाहेर दिलेल्या युनिटला कमी दर मिळतो. नियम बदलतातही: कॅलिफोर्नियातल्या मोठ्या खासगी वीज कंपन्यांच्या नव्या ग्राहकांसाठी एप्रिल २०२३ पासून वजाबाकीची जुनी पद्धत बंद झाली आणि बाहेर दिलेल्या विजेचा दर चांगलाच खाली आला. मित्राच्या कंपनीचा नियमही दुसऱ्या प्रकारचा होता. विकत घेतलेल्या युनिटचं मोल शंभर धरलं, तर विकलेल्याचं पस्तीस. विक्रेत्यांनी मात्र तिन्ही कोटेशनांत सरळ वजाबाकी धरून परतफेडीची वर्षं काढली होती. पहिल्याने तर वर विजेचा दर पंचवीस वर्षं दरसाल आठ टक्क्यांनी वाढेल असंही गृहीत धरलं होतं. तसं धरलं तर वाटेल ती वस्तू फायद्याची ठरते.

दिवसाचा वापर थोडा वाढवून (तो कसा, ते पुढे येतंय) या नियमाने मांडलं तर चित्र असं. सहा पॅनलचे बारा युनिट: पाच घरात, सात बाहेर. पाच पूर्ण मोलाचे, सात पस्तीस टक्क्यांचे, मिळून साडेसात युनिटांची बचत. अकरा पॅनलचे बावीस: सहा घरात, सोळा बाहेर, मिळून साडेअकरा. म्हणजे पहिल्या सहांतला प्रत्येक पॅनल रोज सव्वा युनिट वाचवतो, पुढच्या पाचांतला प्रत्येक पाऊणच्या थोडा वर. हा काही अगदी वाईट सौदा नव्हे, कारण मोठ्या सिस्टिमचा दर किलोवॅटमागचा खर्चही कमी असतो. पण त्यांच्या मीटरचा मंजूर भार ४ किलोवॅट होता आणि त्याहून मोठं सोलर लावायचं तर भार वाढवून घ्यावा लागणार होता. त्याबरोबर दरमहाचा स्थिर आकार वाढणार होता. 'वीजबिल शून्य' या शब्दांत तो स्थिर आकार कुठेच नव्हता.

त्याआधी एक फुकटचं काम केलं. कपडे धुण्याचं मशीन आणि पाण्याचा पंप सकाळी सातऐवजी दुपारी लावायचे. मशीनला टायमर होताच, पंपाला नवा बसवला. दिवसाचा वापर चारावरून सहाकडे सरकायला एवढंच पुरलं. गीझरही दुपारी लावून बघितला, पण त्यांच्या जुन्या टाकीत पाणी रात्रीपर्यंत कोमट होतं आणि सकाळी पुन्हा तापवावं लागतं. तो नाद सोडला.

सावली

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि नेमका यालाच कोटेशन देणाऱ्यांनी दहा मिनिटं दिली होती. तिघेही जूनमध्ये, दुपारी बाराच्या आसपास येऊन गेले. वर्षातली सर्वांत आखूड सावली पाहायची असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही.

घर उत्तर गोलार्धातलं, त्यामुळे पॅनलचं तोंड दक्षिणेकडे. दक्षिण गोलार्धात याच्या नेमकं उलट. जिन्याची खोली आणि वरची टाकी मिळून गच्चीपासून ४.२ मीटर उंच. आता साधी भूमिती. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून किती वर असतो? नव्वदातून तुमचा अक्षांश वजा करा आणि आणखी २३.४ वजा करा. २० अक्षांशावर तो ४६.६ अंश येतो, आणि ४.२ मीटरच्या वस्तूची सावली जवळजवळ चार मीटर पडते. ४० अक्षांशावर तो २६.६ अंश, आणि तीच सावली ८.४ मीटर. ही झाली माध्यान्हीची. दुपारी तीनला ती आणखी लांबते आणि ईशान्येकडे, गच्चीच्या मधोमध तिरकी सरकते. जूनमध्ये माध्यान्हीला हीच सावली २० अक्षांशावर जवळपास नसतेच आणि ४० वर सव्वा मीटर.

एखाद्या कोपऱ्यावर थोडी सावली आली तर थोडी वीज कमी होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. पॅनलमधल्या पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात. पाण्याच्या लांब नळीवर एका जागी पाय ठेवला तर पूर्ण नळीची धार बारीक होते, तसं एक झाकलेली पेशी सगळ्या साखळीचा प्रवाह अडवते. त्यावर उपाय म्हणून पॅनलच्या पाठीमागे साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. अडलेला भाग बाजूला टाकून बाकीचा चालू ठेवतात. म्हणजे हातभर सावलीने पॅनलचा तिसरा हिस्सा जातो, आणि आखूड कडा पूर्ण झाकली की कधी पूर्ण पॅनल. सहा-सहा पॅनलांची एकच माळ असेल तर हिशेब आणखी बिघडतो. प्रत्येक पॅनलला ऑप्टिमायझर (त्या एका पॅनलची वीज स्वतंत्रपणे सांभाळणारं छोटं यंत्र) किंवा स्वतःचा छोटा इन्व्हर्टर लावून नुकसान त्या पॅनलपुरतं ठेवता येतं. पण सावलीत बसवलेल्या पॅनलला महाग यंत्र जोडण्यापेक्षा त्याला उन्हात बसवणं बरं.

मी मित्राला सांगितलं, डिसेंबरपर्यंत थांब. "सहा महिने?" हो, सहा महिने. पंचवीस वर्षांसाठी बसवायची वस्तू आहे. त्याला पटलं असं नाही. पण दुसरं एक कारण होतं, त्याच्याकडे येतोच, त्यामुळे थांबणं भागच पडलं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीने खडूने गच्चीवर सावलीच्या रेषा आखल्या, नऊला एका रंगाची, बाराला दुसऱ्या, तीनला तिसऱ्या. पहिल्या कोटेशनचा नकाशा त्यावर पसरला तर अकरापैकी चार पॅनल दुपारी एकनंतर टाकीच्या सावलीत जात होते. सहा पॅनल पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या कठड्याजवळ मात्र स्वच्छ बसत होते, कठड्याची स्वतःची सावली सोडून दीड हात आत. पूर्वेला शेजाऱ्यांचं झाड आहे, ते सकाळी साडेआठपर्यंत ऊन अडवतं. ते राहू दिलं. झाड वाढणार आहे हे ठाऊक होतं, पण शेजाऱ्यांशी संबंध पंचवीस वर्षांहून जास्त टिकवायचे आहेत.

स्लॅब आणि वारा

थांबण्याचं दुसरं कारण वरच्या मजल्यावरच्या खोलीत होतं. छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग. वॉटरप्रूफिंग नऊ वर्षांपूर्वीचं. पॅनल बसवल्यावर गच्ची गळायला लागली तर सगळा डोलारा उतरवायचा, काम करायचं आणि पुन्हा चढवायचा. त्या उतरवण्या-चढवण्याचा खर्च कोणत्याच कोटेशनात नसतो, आणि तेव्हा हमीवरून वादही सुरू होतात. ज्या छताला पुढच्या दहा वर्षांत हात लावावा लागेल असं वाटतं, त्याला आधी हात लावावा.

जानेवारीत काम झालं. तेव्हा एक गोष्ट नीट जुळवून घेतली: स्टँडचे पाय ज्यावर बसणार ते काँक्रीटचे ठोकळे आधी बांधले आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्यांच्यावरून चढवून घेतला. नंतर स्लॅबला भोक पाडायची वेळच आली नाही. हे सुचवलं गवंड्याने, मी नव्हे.

वजनाची भीती सगळ्यांना असते, वाऱ्याची कुणालाच नसते. पॅनल आणि स्टँड मिळून दर चौरस मीटरला साधारण पंधरा किलो होतात. धड असलेल्या काँक्रीटच्या स्लॅबला ते जड नाही. वाऱ्याचं गणित वेगळं. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरचं वादळ, दर चौरस मीटरवर जवळजवळ शंभर किलोंचा दाब आणतो. सहा पॅनलांचं क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर. कोन आणि उंचीप्रमाणे हा जोर कमीजास्त होतो, पण पंधरा किलो खाली ओढतायत आणि त्याच्या कितीतरी पट वर उचलू पाहतंय, एवढं लक्षात आलं की उंच स्टँडचा मोह जातो. मित्राला खाली बसायला सावली हवी होती म्हणून अडीच मीटरचं स्टँड आवडलं होतं. शिडासारखी वस्तू अडीच मीटर उंचीवर बांधायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं रेखाटन हवं, असं मी म्हटलं. पहिल्या विक्रेत्याने "आम्ही असेच बसवतो" एवढंच उत्तर दिलं. तिथेच तो बाद झाला. शेवटी पॅनल गच्चीपासून हातभर उंचीवर, मध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवून बसले.

बॅटरी किती मोठी?

दुसऱ्या कोटेशनातली १० युनिटची बॅटरी पॅनलांपेक्षा महाग होती. ती घेतली असती तर रोज सहा-साडेसहा युनिट दिवसाचे रात्रीकडे नेता आले असते. प्रत्येक युनिटमागे फायदा किती? विकलं असतं तर पस्तीस मिळाले असते; साठवून वापरलं तर शंभर वाचतात, पण आतबाहेर करताना दहा टक्के सांडतात. म्हणजे निव्वळ पंचावन्न. त्यावर बॅटरीची किंमत तिच्या आयुष्यात वसूल होत नव्हती. जिथे बाहेर दिलेल्या विजेला काहीच मिळत नाही किंवा रात्रीचा दर दुप्पट असतो, तिथे हे उत्तर उलटं येईल.

पण वहिनींचा हिशेब पैशांचा नव्हताच. त्यासाठी वेगळी यादी केली: कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॅट, फ्रिज, दोन पंखे, चार दिवे, वायफाय. मिळून सहाशे वॅट. रात्री लाइट गेली तर किती वेळ जाते? त्यांच्या आठवणीत जास्तीत जास्त तीन तास. म्हणजे दोन युनिटांच्या आत काम भागतं. ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठरली, तिच्यातला साठ टक्के साठा फक्त बॅकअपसाठी राखून. तेवढ्यावर चार तासांपेक्षा जास्त निघतात. वरचे दोन युनिट रोज संध्याकाळी वापरायचे. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याहून स्वस्त पडली असती, पण ती अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, पाणी घालत राहावं लागतं आणि खोलीत हवा खेळती हवी. काकूंच्या श्वासाचा प्रश्न असलेल्या घरात ती नको वाटली.

इन्व्हर्टर हायब्रिड घेतला, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि बाहेरची तार तिन्ही सांभाळणारा, बॅकअपचं वेगळं तोंड असलेला. आणि इथे एक न दिसणारा खर्च निघाला: जुन्या वायरिंगमध्ये काकूंच्या खोलीचं सर्किट एसीच्या सर्किटबरोबर होतं. ते वेगळं काढायला इलेक्ट्रिशियनचे दोन दिवस गेले. बॅकअपवर काय चालणार आणि काय नाही हे भिंतीतल्या तारा ठरवतात, माहितीपत्रक नव्हे. कॉन्सन्ट्रेटर देणाऱ्याला विचारलं, डॉक्टरांनाही विचारलं. दोघांचं म्हणणं एकच पडलं, बॅटरी असली तरी भरलेला सिलिंडर घरात हवाच.

बाकीच्या गोष्टी भराभर. पॅनल आयईसी ६१२१५ आणि ६१७३० या टिकाऊपणाच्या आणि सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतून गेलेले आहेत का, हे अनुक्रमांकासकट कागदावर घेतलं. हमी दोन असतात: पंचवीस वर्षांची असते ती उत्पादनक्षमतेची, वस्तू सदोष निघाली तर बदलून मिळण्याची वेगळी आणि बहुधा कमी वर्षांची. इन्व्हर्टर पंचवीस वर्षं जगत नाही, दहा-पंधरा वर्षांत एकदा बदलायचा असं धरूनच हिशेब केला. तो गच्चीवर उन्हात न लावता जिन्यात लावला. वीज पडण्यापासून बचावाची यंत्रणा आणि स्वतंत्र अर्थिंग, दोन्हींचं मोजमाप बसवल्यावर समोर करून घेतलं. आणि एका गोष्टीवर मी अडून बसलो: पॅनलच्या तारांचे कनेक्टर एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे हवेत. दोन वेगळ्या कंपन्यांचे 'बसतात की' म्हणून जोडले तर सांधा सैल राहतो, तापतो, ठिणगी धरतो. ऊन आहे तोवर डीसी बाजू, म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा, जिवंतच असते, घरातला मेन स्विच पाडून ती मरत नाही.

पहिलं वर्ष

फेब्रुवारीच्या शेवटी सहा पॅनल चालू झाले. काम तिसऱ्या विक्रेत्याला दिलं, बदललेल्या यादीनिशी. आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं दुतर्फा मीटर यायला आणखी पाच आठवडे गेले, आणि तोवर बाहेर गेलेल्या विजेचं काहीच मिळालं नाही.

वर्षात ४,१५० युनिट तयार झाले. माझ्या अंदाजापेक्षा अडीचशे कमी. काही झाडाने खाल्ले, काही धुळीने. दीड महिना कुणीच पॅनल पुसले नव्हते. आता मुलगी महिन्यातून दोनदा सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, मऊ फडक्याने पुसते. निम्म्याहून थोडी जास्त वीज घरातच वापरली गेली. बिल शून्य झालं नाही, निम्म्याच्या खाली आलं. मित्र अधूनमधून अकरा पॅनलची आठवण काढतो. मी खडूच्या रेषांचा फोटो पाठवतो.

माझी चूक मेमध्ये उघडी पडली. एका रात्री अडीचला लाइट गेली आणि पाऊण तासात मशीनचा अलार्म वाजला. बॅटरी आधीच बावीस टक्क्यांवर होती. आदल्या आठवड्यात इन्व्हर्टरच्या कंपनीने दुरून सॉफ्टवेअर बदललं होतं आणि त्यात साठ टक्के राखीव हा आकडा पुसला जाऊन मूळचा दहा टक्के परत आला होता. त्यामुळे संध्याकाळीच बॅटरी बिलासाठी खर्च होत होती. बसवताना मी तो आकडा स्वतः टाकला होता, पण अधूनमधून तपासायला हवा हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनी उठल्या, सिलिंडर जोडला, सकाळी मला फोन केला. ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं, "हा आकडा कुठे बघायचा, ते मला दाखवा."

आता दर एक तारखेला त्या ॲपमधला राखीव टक्का बघतात, मग सिलिंडरच्या घड्याळातला दाब बघतात आणि दोन्ही आकडे फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहितात.